भुलीनंतरचे विस्मरण आणि नोंदीचे महत्त्व

वृद्ध आईवडिलांच्या मणक्याची शस्त्रक्रिया ठरली की परगावी राहणाऱ्या मुलांना एक धास्ती वाटते: भुलीच्या औषधाने त्यांची स्मृती तर जाणार नाही ना? ही शंका जुनी आहे. १८८७ साली इंग्रज मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज सॅव्हेज यांनी भुलीनंतर बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. १९५५ साली डॉ. बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये १,१९३ वृद्ध रुग्णांचा आढावा मांडला व नितांत आवश्यक असेल तरच वृद्धांवर शस्त्रक्रिया करावी, असा सल्ला दिला.

त्यांचा मुख्य आधार नातेवाइकांची साक्ष हा होता. शस्त्रक्रियेपूर्वीची मोजणी हाती नव्हती. पूर्वस्थितीची नोंद नसलेल्या सरकारी योजनेचे मूल्यमापन करताना जी अडचण येते, तीच ही. बदल दिसतो, पण कारण ठरवता येत नाही.

ही उणीव १९९८ साली बऱ्याच अंशी दूर झाली. अनेक देशांतील रुग्णालयांनी साठीपुढील १,२१८ रुग्णांची शस्त्रक्रियेआधी व नंतर चाचणी घेतली आणि शस्त्रक्रिया न झालेल्यांशी तुलना केली. आठवड्यानंतर २५.८ टक्के, तर तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांत बौद्धिक घट आढळली. शस्त्रक्रिया न झालेल्यांत हे प्रमाण अनुक्रमे ३.४ व २.८ टक्के होते. रक्तदाब उतरणे किंवा प्राणवायू कमी पडणे, या संशयित कारणांशी मात्र संबंध जुळला नाही; वाढत्या वयाशी जुळला.

पुढे २०२१ साली खुब्याच्या अस्थिभंगाच्या रुग्णांत संपूर्ण भूल आणि कमरेत इंजेक्शन देऊन केलेली बधिरता यांची तुलना झाली. दोन्ही गटांत सुमारे २० टक्के रुग्णांना डिलिरियम, म्हणजे तात्पुरता भ्रम झाला. मणक्याच्या दीर्घ शस्त्रक्रियेला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरी सारा दोष भुलीवर ढकलणे आता कठीण आहे. उलट, २००१ सालच्या अमेरिकी प्रयोगात अशाच रुग्णांवर वृद्धरोगतज्ज्ञाने रोज देखरेख ठेवली, तेव्हा डिलिरियमचे प्रमाण ५० वरून ३२ टक्क्यांवर आले. वेदनाशमन, अनावश्यक औषधे टाळणे, लवकर हालचाल, अशा साध्या बाबींकडे त्यात लक्ष होते.

म्हणून भूलतज्ज्ञाला औषधाचे नाव विचारण्याबरोबरच शस्त्रक्रियेपूर्वी स्मृतीची चाचणी होऊन ती कागदपत्रांत नोंदली जाईल का, हेही विचारावे. चष्मा व श्रवणयंत्र शुद्धीवर येताच हाती द्यावे आणि पहिले काही दिवस ओळखीचे माणूस उशाशी असावे. दूर राहणाऱ्यांनी रजेचे नियोजन त्या दिवसांसाठी करावे.