गूळपाण्याची जागा

करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांतल्या उजनीकाठच्या कुठल्याही घरी गेलं की आधी पाण्याचा तांब्या येतो आणि मग चहा. पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत "च्या टाक गं" ही हाक आत पोचलेली असते. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की तो पिढ्यान्‌पिढ्यांचा वाटतो. तांब्या खरोखरच तितका जुना आहे, चहा मात्र नाही. पूर्वी तांब्यासोबत गुळाचा खडा यायचा. उन्हातून चालत आलेल्या माणसाने नुसतं पाणी ढोसू नये, आधी तोंडात गूळ धरावा, मग घोट घ्यावा, ही ज्वारीच्या आणि दुष्काळाच्या या मुलखातली पाहुणचाराची पहिली पायरी होती. चहा इथे आला तो ताकाच्या किंवा आंबिलीच्या जागी आला नाही, तो गूळपाण्याच्या जागी बसला. म्हणूनच तो इतका घट्ट बसला, असं मला वाटतं.

तो आला रेल्वेच्या वाटेने. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेली लोहमार्गाची वाट भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोचली, पुढच्या वर्षी ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला गेली आणि १८६० मध्ये सोलापूरला. पण गाडी आली म्हणून लगेच चहा आला नाही. आसामात मळे फुलले होते ते लंडनच्या बाजारासाठी. इथल्या माणसाने चहा प्यावा, याची मळेवाल्यांना तेव्हा गरजच नव्हती.

पुण्यात त्या काळी चहा प्याल्याने काय होत होतं, हे पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या प्रकरणावरून कळतं. १८९० साली गोपाळराव जोश्यांनी तिथे मंडळी जमवली. चहा-बिस्किटं समोर आली आणि नंतर हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली. रानडे आणि टिळक दोघेही त्यांत होते. ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला, प्रायश्चित्तं झाली. भांडण चहाच्या पानाशी नव्हतंच, तो कोणाच्या हातचा, याच्याशी होतं.

खेड्यात हाच प्रश्न पुढे फार क्रूर रूपात आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत हॉटेल निघालं तेव्हा दलितांची कपबशी वेगळी, बाहेर खुंटीला किंवा वळचणीला ठेवलेली असायची. पिणाऱ्याने ती स्वतः विसळायची, चहा वरून ओतला जायचा आणि पैसे मात्र तितकेच घेतले जायचे. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हा गुन्हा ठरला, तरी त्या कपबश्या नाहीशा व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. गूळपाण्याचा पाहुणचार चहाने उचलला, तसा पाणवठ्यावरचा भेदही उचलला. चहाची गोडी सांगताना हे गाळून पुढे जाता येत नाही.

मळेवाल्यांना देशी गिऱ्हाईक हवंसं वाटू लागलं ते विसाव्या शतकात. १९०३ मध्ये त्यांच्याच मागणीवरून निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि तो पैसा प्रचाराला लागला. १९३३ मध्ये चहा पिकवणाऱ्या देशांनी भाव सावरण्यासाठी निर्यातीवर मर्यादा घालून घेतली. आता उरलेला चहा खपवायचा कुठे? तो देशातच खपवायला हवा होता. मग गिरण्यांत, जत्रांत, बाजारांत फुकट कप वाटले गेले. रेल्वेच्या स्थानकांवर चहा कसा करावा हे देशी भाषांत सांगणारे फलक लागले. किटली गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती टाका, वर उकळतं पाणी ओता, झाकून ठेवा, दूध-साखर नंतर कपात घाला, अशी ती शिकवण होती. लांब पानाच्या चहासाठी ती अगदी योग्य होती. तसा चहा केला तर पानाचा सुगंध राहतो, तुरटपणा मर्यादेत राहतो.

आपल्या लोकांनी फलक वाचला आणि पातेलं चुलीवर ठेवलं. पत्ती उकळली, त्यात आलं ठेचून टाकलं, गवती चहाची पात टाकली, दूध आणि गोड तिथेच घातलं. प्रचारकांना हे मुळीच आवडत नव्हतं. पण मला यात अडाणीपणा दिसत नाही. ज्या घरात काढा करायची रीत आहे, तिथे पानं उकळणं हेच ज्ञान असतं. शिवाय चार माणसांच्या चहात आठ माणसं भागवायची तर पत्तीचा अर्क पुरता निघायलाच हवा. यंत्रही याच रीतीच्या मदतीला आलं. १९३० च्या सुमारास आसामच्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं यंत्र बनवलं. हीच आपली सीटीसी, व्यापाऱ्यांच्या तोंडची ममरी. हा दाणा लवकर रंग सोडतो, कडक उतरतो आणि दूध-गुळापुढे दबत नाही. लांब पानाचा नाजूक चहा या भागात रुजला नाही आणि आठवडे बाजारात पुडीत बांधून मिळणारी सुटी चहापूड घरोघर गेली, त्याचं कारण हे आहे.

त्या पुडीला गोडी मिळाली ती गुळाचीच. साखर जवळच होत होती, हे खरं. माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ मध्ये उभी राहिली. तरी कोरडवाहू घरात साखर सणाची, पाहुण्याची आणि पुढे रेशनकार्डावर मोजून मिळणारी. रोजच्या चहात गूळ, आणि दूध नसेल तर तो कोराच.

मग भीमेवर उजनी धरण आलं. १९६९ च्या सुमारास काम सुरू झालं, १९८० मध्ये पुरं झालं. यशवंतसागर नाव मिळालेल्या या जलाशयात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात जातं. भीमेकाठची काळी रानं, वाडे, देवळं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून वर येतं. डिकसळचा रेल्वेपूल गाड्यांसाठी राहिला नाही, लोहमार्ग हलवला गेला आणि पूल रस्त्याच्या कामी आला. ज्या मार्गाने चहा आला त्याचाच एक तुकडा असा धरणाने बाजूला केला.

ज्यांची रानं गेली त्यांच्या वाट्याला माळावरची वस्ती आली. ज्यांना पाणी मिळालं त्यांनी ज्वारी मोडून ऊस लावला. उसामागे कारखाने आले आणि सभासदाला सवलतीच्या दराची साखर घरपोच मिळू लागली. एका पिढीत चहाचा रंगच बदलला. तांबूस, किंचित खारट गोडीचा गुळाचा चहा म्हाताऱ्यांचा ठरला. पाहुण्यापुढे साखरेचाच न्यायचा, नाहीतर घर गरीब दिसेल, अशी लाज आली. ही लाज मला खटकते, कारण पाहुणचाराचा मूळ पदार्थच त्यामुळे स्वयंपाकघराच्या मागच्या फळीवर गेला. तोडणीला बीडकडून येणाऱ्या मजुरांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, मात्र पहाटेच्या अंधारात कोरा गुळाचा चहाच उकळत राहिला.

गुळाच्या चहाला हात बसलेला लागतो. गुळात थोडी आम्लता असते. दूध आणि गूळ एकत्र उकळले की चहा फाटतो आणि पातेल्यात चोथापाणी वेगळं होतं. म्हणून आधी पाण्यात आलं, मग पूड, मग गूळ, तो पुरता विरघळला की पातेलं खाली उतरवायचं. दूध वेगळं तापवलेलं असावं, उकळतं नसावं, आणि ते चहात ओतून पुन्हा चुलीवर चढवायचं नाही. गूळ काळसर आणि जुना असेल तर चहाला कस येतो. पिवळाधमक दिसणारा गूळ रंगाला देखणा, चवीला पोकळ. मग बशीत ओतून, फुंकर घालून, शिळी भाकरी किंवा बटर बुडवून प्यायचा.

पाण्याचं काय? धरणाच्या काठावर राहूनही पाण्याची चव हीच आता चहाची अडचण झाली आहे. बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याने चहाचा रंग मळकट होतो आणि थंड होताना वर तवंग धरतो. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. म्हणून गावातली हॉटेलं चहासाठी जारचं पाणी विकत घेताना दिसतात. एवढा मोठा जलाशय अंगणाशी आणि आधणाचं पाणी विकतचं, हे या काठाचं आजचं दुःख आहे.

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीच्या आसपास आता 'गुळाचा चहा'च्या पाट्या लागल्या आहेत. फ्लेमिंगो बघायला कुंभारगावला येणारे पाहुणे तो आवडीने मागतात. लाज गेली हे चांगलं झालं. पण त्यातला बराच चहा तयार गूळपावडरीचा असतो. ती दुधाबरोबर उकळली तरी बहुधा फाटत नाही, सोय म्हणून ठीक. खरी चव हवी असेल तर उसाच्या हंगामात, दिवाळीपासून होळीपर्यंत, एखाद्या गुऱ्हाळावर थांबावं. कढईतून नुकत्याच उतरलेल्या गुळाचा कोरा चहा तिथे मागितला की मिळतो, आणि त्याच्याआधी पाण्याचा तांब्याही.