किंग यांचा जामीन भरणारे शेठ

मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून माहीत आहेत. पण मंडळी, १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात त्यांनी आंदोलन उभं केलं तेव्हा ते उतरले कुणाकडे? मे महिन्यात त्यांना पुन्हा तुरुंगात टाकलं तेव्हा जामीन कुणी भरला? दोन्हीचं उत्तर एकच, आर्थर जॉर्ज गॅस्टन. विमा कंपनीचे मालक, बँकवाले, आणि आंदोलनातल्या काहींच्या मते गोऱ्यांचा माणूस.

जन्म १८९२ चा, अलाबामातल्याच डेमोपोलिसचा. आजी-आजोबा गुलामीत जन्मलेले, आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकीण. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले, तरी परतल्यावर काम मिळालं ते खाणीत. तिथं आईच्या हातचे डबे ते मजुरांना विकायचे. गाठीला पैसे जमले तसे त्यांनाच उसने द्यायला लागले, डॉलरमागे २५ सेंट व्याजानं. चरित्रकार याला धंद्याची हुशारी म्हणतात. मी तरी याला सावकारीच म्हणेन.

पण त्याच खाणीवर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. माणूस मेला की अंत्यविधीसाठी वर्गणी मागत फिरावं लागायचं. वर्गणी गोळा करणाऱ्यांत भामटेही असायचे. गोऱ्यांच्या विमा कंपन्यांना या गिऱ्हाइकाशी देणंघेणं नव्हतं. म्हणून १९२३ मध्ये गॅस्टन यांनी अंत्यविधी मंडळ काढलं. दर आठवड्याला थोडे सेंट भरायचे, माणूस गेला की मंडळ त्याला मानानं पुरणार. आपल्याकडच्या भिशीसारखंच म्हणा ना, फक्त ही भिशी लागायची ती मेल्यावर. त्यातूनच १९३२ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन विमा कंपनी झाली. हिशेब ठेवायला शिकलेली माणसं मिळेनात, तर १९३९ मध्ये स्वतःचं कॉलेज काढलं. काळ्या माणसाला घरासाठी कर्ज मिळेना, तर १९५७ मध्ये सिटिझन्स फेडरल ही बचत आणि कर्ज देणारी संस्था सुरू केली.

स्वभाव मात्र मोर्च्याचा नव्हताच. शहरातल्या एका मोठ्या बँकेत पाण्याच्या नळावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी होती. गॅस्टन यांनी घोषणा दिली नाही, खातं काढून घेतो म्हणाले. पाटी उतरली.

म्हणून किंग यांनी शाळकरी मुलं रस्त्यावर आणायचं ठरवलं तेव्हा ते चिडले. बोलणी करा, मुलांना मध्ये आणू नका, हे त्यांचं म्हणणं. ३ मे रोजी ते ऑफिसातून डेव्हिड व्हॅन या गोऱ्या वकिलाशी फोनवर बोलत होते. खिडकीतून समोरचं केली इन्ग्राम पार्क दिसत होतं. बोलता बोलता पाहतात तर अग्निशमन दलाच्या पाण्याच्या माऱ्यानं एक लहान मुलगी रस्त्यावरून गडगडत चाललेली. त्यांनी वकिलाला ते सांगितलं आणि फोन ठेवला. पुढं व्हॅन म्हणायचे, त्या क्षणी शहरातला काळा समाज किंग यांच्यामागे एक झाला.

मला इथं दोन्ही बाजू पटतात, आणि तीच अडचण आहे. गॅस्टन मोर्च्यात चालले नाहीत. पण आंदोलनाचं मुख्यालय त्यांच्याच मोटेलची ३० नंबरची खोली होती. गोऱ्यांच्या हॉटेलात किंग यांना खोली मिळणं शक्यच नव्हतं. गोऱ्यांच्या मेहेरबानीवर न चालणारा एवढा पैसा शहरात दुसऱ्या कुठल्या काळ्या माणसाकडे होता? आणि तो पैसा आला कुठून? खाणमजुरांच्या सेंटांतून, त्या व्याजातूनसुद्धा.

११ मे च्या रात्री मोटेलवर बॉम्ब पडला. किंग शहराबाहेर होते म्हणून वाचले. सप्टेंबरात गॅस्टन यांच्या घरावरही हल्ला झाला. "गोऱ्यांचा माणूस" म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

१९८७ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी विमा कंपनी विकली ती आपल्याच कर्मचाऱ्यांना, खऱ्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात. जानेवारी १९९६ मध्ये ते वारले, वय १०३. ते मोटेल २०१७ पासून राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे.