दाबोळी : दोन धनी आणि एक पाहुणा

१/ दाबोळीला उतरणाऱ्या विमानात ठरावीक सूचना ऐकू येते : हा लष्करी विमानतळ आहे, छायाचित्रे काढू नयेत. खिडकीबाहेर नौदलाची करडी विमाने उभी असतात. सुट्टीसाठी आलेल्या प्रवाशाला प्रश्न पडतो की पर्यटनावर जगणाऱ्या गोव्यात विमानतळ नौदलाचा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५० च्या दशकात जावे लागते.

२/ आधी जागा पाहू. जुवारी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे मुरगावचे द्वीपकल्प आहे. त्याच्या टोकाला मुरगाव बंदर, मध्ये वास्को शहर आणि शहराला लागून चिखली-दाबोळीचे जांभ्या दगडाचे पठार. माथा बराचसा सपाट, पश्चिमेला थेट अरबी समुद्र. धावपट्टीसाठी अशी जागा सहज सापडत नाही.

३/ तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विमानतळावाचून पोर्तुगीज गोव्याचे काही अडत नव्हते. बाहेरच्या जगाशी जोडणारी दोन दारे होती : मुरगाव बंदर आणि कॅसलरॉकच्या घाटातून येणारी रेल्वे. धान्य, कापड, भाजीपाला, मुंबईला नोकरीसाठी जाणारी माणसे, सगळी ये-जा याच दारांनी आणि घाटवाटांनी चाले. ही दारे शेजारी देशाच्या मर्जीवर उघडी आहेत, हे १९४७ पर्यंत कोणाला फारसे जाणवले नव्हते.

४/ भारत स्वतंत्र झाला, पण पोर्तुगालने गोवा, दमण आणि दीव सोडण्यास नकार दिला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध तोडले, सीमा बंद झाल्या आणि रेल्वेही थांबली.

५/ गोव्याचे जमिनीवरचे दार मिटले. समुद्रमार्ग उरला, पण तो संथ होता. दमण आणि दीव तर गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर, मध्ये सारा भारतीय किनारा. या कोंडीवर पोर्तुगीज सरकारने काढलेला तोडगा म्हणजे दाबोळीचा विमानतळ. त्याला तत्कालीन गव्हर्नर जनरल पाउलो बेनार्द गेदिश यांचे नाव देण्यात आले. दमण आणि दीव येथेही धावपट्ट्या झाल्या.

६/ विमानतळाबरोबर विमान कंपनीही आली. १९५५ मध्ये ‘ट्रान्सपोर्तिश आएरिउश दा इंदिया पोर्तुगेझा’, म्हणजे ‘पोर्तुगीज इंडियाची हवाई वाहतूक’, स्थापन झाली. दाबोळीहून तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जात. मुंबई जवळ असूनही दुरावली होती आणि कराची दूर असूनही जवळची झाली होती. तिथे गोवेकरांची जुनी वस्तीही होती. पुढे मध्यपूर्वेतील थांबे घेत लिस्बनपर्यंतची सेवा सुरू झाली.

७/ जमिनीवरून जाण्याचा हक्क मिळावा म्हणून पोर्तुगालने १९५५ च्या अखेरीस हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयातही धाव घेतली. वाद दमण आणि दादरा-नगर हवेली यांच्यामधील वाटेचा होता. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला : खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांना नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नव्हते. न्यायालयाकडून दार उघडले नाही. वसाहतीचा जलद मार्ग म्हणून दाबोळीच उरली.

८/ म्हणूनच १८ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’ सुरू होताच भारतीय हवाई दलाने पहिला घाव दाबोळीवर घातला. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमाने आली आणि काही मिनिटांत सुमारे ६३,००० पौंड, म्हणजे २८ टनांहून अधिक, बॉम्ब धावपट्टीवर पडले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ कॅनबेरांनी दुसरा हल्ला केला.

९/ या हल्ल्यांतली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विमानतळाच्या इमारती आणि सोयी यांना धक्का लावायचा नाही, असा वैमानिकांना आदेश होता. त्यामुळे बॉम्ब धावपट्टीपुरते राहिले. गोव्यात पोर्तुगालचे एकही लढाऊ विमान नव्हते, त्यामुळे आकाशात प्रतिकार झाला नाही. विमानतळाच्या आवारात दोन प्रवासी विमाने मात्र उभी होती : पोर्तुगीज राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि स्थानिक कंपनीचे डीसी-४.

१०/ त्या रात्री जे घडले, ते विमान उड्डाणाच्या इतिहासात नोंदवण्याजोगे आहे. खड्डे घाईघाईने बुजवण्यात आले. वजन कमी करण्यासाठी जादा आसने आणि सामान काढून टाकले. काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन कॉन्स्टेलेशन जेमतेम ७०० मीटरच्या धावेत हवेत उठले. उडालेल्या दगडगोट्यांनी त्याच्या अंगाला पंचवीस भोके पडली, एक टायर फुटला. मागोमाग डीसी-४ निघाले. समुद्राला जवळजवळ चिकटून, अंधाराचा आडोसा घेत दोन्ही विमानांनी कराची गाठली.

११/ पोर्तुगीज अमलाखालच्या दाबोळीवरून झालेली ही शेवटची उड्डाणे. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचार शतकांचा अंमल संपला. ज्या कोंडीतून वाट काढण्यासाठी विमानतळ बांधला होता, ती कोंडीच आता उरली नाही. पण इमारती शाबूत असलेले, समुद्राकाठचे हवाई केंद्र भारताच्या हाती आले. त्याचा धनी कोण, हे ठरायचे होते.

१२/ निर्णय लवकर झाला. एप्रिल १९६२ मध्ये, मेजर जनरल के. पी. कँडेथ गोव्याचे लष्करी गव्हर्नर असताना, दाबोळी नौदलाकडे आली. नौदलाची गरज खरी होती. ‘विक्रांत’ ही पहिली विमानवाहू नौका १९६१ मध्येच दाखल झाली होती. अशी नौका बंदरात असताना तिच्यावरून विमाने उडवता येत नाहीत. ती आधीच किनाऱ्यावरच्या तळावर उतरवावी लागतात. वैमानिकांचा सराव आणि दुरुस्तीही तिथेच होते. ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ तोवर कोइंबतूरजवळ सुलूरला, समुद्रापासून दूर होता. जून १९६४ मध्ये तो दाबोळीला आला.

१३/ तेव्हापासून नौदलाच्या हवाई शाखेचा इतिहास याच धावपट्टीवर घडला. सी हॉक आणि अलिझे, १९८३ पासून सी हॅरियर, २०१० पासून मिग-२९के. विमानवाहू नौकेच्या डेकसारखा चढता उतार आणि विमानाला अडवणाऱ्या तारा असलेले चाचणी केंद्रही येथे उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये तेजसच्या नौदल आवृत्तीने तारेत अडकून थांबण्याची पहिली चाचणी इथेच पार पाडली.

१४/ आणि प्रवासी? तो पाहुणा म्हणून आला. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल परिषदेसाठी भारतात आलेले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात राहिले आणि गोव्याचे नाव जगभर झाले. त्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमाने थेट दाबोळीला येऊ लागली. हिवाळ्यात थंडीने गारठलेला जर्मन वा ब्रिटिश प्रवासी मुंबईत न थांबता किनाऱ्यावर पोहोचू लागला. हॉटेले, टॅक्सी, शॅक यांची अर्थव्यवस्था या उड्डाणांभोवती वाढली.

१५/ पाहुण्याला घराच्या शिस्तीप्रमाणे वागावे लागते. दाबोळीचे हवाई नियंत्रण नौदलाकडे. नागरी विमानतळ प्राधिकरणाचा वाटा टर्मिनल आणि त्याच्या आवारापुरता. सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास लष्करी सरावासाठी राखीव असत. त्या वेळात नागरी विमानांना मज्जाव. परिणामी उरलेल्या वेळेत गर्दी होई. २०१३ मध्ये नवे मोठे टर्मिनल झाले, काही वर्षांत वार्षिक प्रवासी ८० लाखांच्या पुढे गेले. टर्मिनल वाढवता आले, पण घड्याळ आणि धावपट्टी दुसऱ्याच्या ताब्यात राहिली.

१६/ त्यातूनच उत्तरेला, पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर, संपूर्ण नागरी विमानतळाची मागणी पुढे आली. वाद दीर्घकाळ चालला. पठाराच्या झाडी-पाण्याचे काय, जमीन गेलेल्यांचे काय, आणि दाबोळी ओस पडली तर दक्षिण गोव्याच्या रोजगाराचे काय? नोव्हेंबर २०१६ मध्ये पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठवली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. विमानतळाला मनोहर पर्रीकरांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राची हद्द जवळ असल्याने बांदा-सावंतवाडीकडच्या प्रवाशांनाही तो सोयीचा ठरला.

१७/ आता काही विमान कंपन्यांनी दाबोळीहून मोपाकडे मुक्काम हलवला आहे आणि दक्षिण गोव्यात ‘दाबोळी टिकली पाहिजे’ अशी मागणी होत आहे. मागणी भावनेची नाही, पोटाची आहे. वास्को, मडगाव, कोलव्याच्या टॅक्सीवाल्याला उत्तर टोकाच्या विमानतळाचे भाडे परवडेल का, हा हिशेब त्यात आहे. पण इतिहास पाहता या वादाचे मूळ मोपात नाही. ते १९६२ मध्ये आहे, जेव्हा धावपट्टीचा धनी ठरला आणि त्या निर्णयात प्रवासी कुठेच नव्हता.

१८/ एका साम्राज्याने दाबोळी बांधली ती मिटलेल्या दारांना पर्याय म्हणून. एका प्रजासत्ताकाने ती राखली ती समुद्राच्या संरक्षणासाठी. दोन्ही धन्यांचे हेतू वेगळे होते, पण पर्यटक दोघांच्याही हिशेबात नव्हता. तरी सहा दशके त्याच पट्टीवर उतरून त्याने गोव्याचे अर्थकारण बदलले. पुढच्या वेळी दाबोळीच्या खिडकीतून करडी विमाने दिसली, तर लक्षात असू द्यावे की तिथे घर त्यांचे आहे आणि प्रवासी अजूनही ओसरीवर बसलेला आहे.