पाटकाई : भिंत की उंबरठा?

सीमेवरचा पर्वत म्हटला, की आपले मन हिमालयाकडे धावते. भारत आणि ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, यांच्यामध्ये उभ्या असलेल्या पाटकाईची आठवण क्वचितच होते. उंचीने तो हिमालयाच्या पासंगालाही पुरत नाही. परंतु ज्या भूहालचालींनी हिमालय वर उचलला, त्यांनीच पाटकाईच्याही वळ्या पाडल्या. येथे वाट अडवते ती बर्फाने नव्हे, तर अखंड पावसाने आणि त्यावर पोसलेल्या निबिड अरण्याने. उत्तर उतारावरचे पाणी बुढी दिहिंगमधून ब्रह्मपुत्रेस मिळते. दक्षिणेकडचे चिंदविनमार्गे इरावतीस.

ही झाली पाण्याची वाटणी. माणसांची वाटणी या पर्वताने सहसा केली नाही. तेराव्या शतकात सुकाफा आपल्या अनुयायांसह पाटकाई ओलांडून १२२८ मध्ये आसामात आला. त्याने स्थापिलेले आहोम राज्य सुमारे सहाशे वर्षे टिकले. पुढे १८१७ पासून ब्रह्मी फौजा याच दिशेने उतरल्या आणि ते राज्य मोडून पडले. १८२६ च्या यांदाबूच्या तहाने ब्रह्मी राजाने आसामवरील हक्क सोडला, आणि जी वाट होती तिची कड झाली.

या कडेची किंमत १९४२ मध्ये कळून आली. जपानी आक्रमणापुढे ब्रह्मदेशातून निघालेले हजारो भारतीय हुकाँग खोऱ्यातून पांगसाउ खिंडीकडे ऐन पावसाळ्यात चालत आले. ही खिंड अवघी ३,७२७ फूट उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही सखल. तरीही चिखल, उपासमार आणि हिवताप यांनी असंख्यांचे बळी घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस दोस्त सैन्याने लेडोहून रस्ता बांधावयास घेतला. तो याच खिंडीतून गेला, आणि जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून निघालेला मोटारींचा पहिला तांडा पुढच्याच महिन्यात चीनमधील कुनमिंगला पोचला.

१९६७ मध्ये भारत व ब्रह्मदेश यांनी सीमाकरार केला. परंतु दक्षिणेस नागा डोंगरांतील लोंगवा गावी ही सीमा कोन्याक प्रमुखाच्या, म्हणजे आंगाच्या, घरातूनच जाते. नकाशा करणाऱ्याला डोंगराचा माथा सोयीचा वाटतो, कारण तेथून पाणी दोहों बाजूंस वाहते. पण डोंगरी माणसाचे शेत एका उतारावर आणि सोयरे दुसऱ्या उतारावर असतात. सीमा ही राष्ट्राची गरज आहे, हे खरेच. मात्र ती राखताना एवढे स्मरण असावे, की नकाशावरील ही भिंत तेथील घरांना पिढ्यान् पिढ्या उंबरठाच होती.