बलुत्यातील चर्मकाम आणि छंदातील चर्मकाम : वडवणी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
चाकू-सुऱ्यांची म्याने, पिस्तुलाच्या खोळी, कमरपट्टे, रानात वापरावयाच्या पिशव्या अशा चामडी वस्तू स्वतःच्या हाताने शिवणे हा आज जगातील अनेक देशांत सुशिक्षित मध्यमवर्गाचा छंद झाला आहे. मराठवाड्यात मात्र हेच कौशल्य शतकानुशतके छंद नव्हते. ते जन्माने ठरलेले काम होते. बीड-परळी मार्गावरील वडवणी हे कोरडवाहू शेतीच्या प्रदेशातील तालुक्याचे गाव. हा परिसर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथील शेती ज्या चामडी साधनांवर उभी होती, त्यांचा इतिहास लिहिताना एक प्रश्न टाळता येत नाही. एकच कौशल्य एका समाजात प्रतिष्ठेचे आणि दुसऱ्या समाजात हीनतेचे का ठरते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

बलुतेदारी आणि चर्मकाम :
मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती 1857) बारा बलुतेदारांची विभागणी तीन ओळींत दिली आहे. त्यात चांभार कुंभार, परीट व न्हावी यांच्यासह मधल्या ओळीत येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (1915) या ग्रंथात या व्यवस्थेतील देणी-घेणी व ताणतणाव यांचे तपशीलवार वर्णन आहे. बलुतेदाराला कामाचा मोबदला नगावर मिळत नसे. सुगीच्या वेळी खळ्यावर धान्याच्या रूपाने तो मिळे. त्यामुळे वस्तू अधिक सुबक केली म्हणून अधिक मोल मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

चामड्याच्या कामातही श्रमविभागणी होती. मेलेले जनावर ओढून नेणे महारांकडे, कातडे कमावणे ढोरांकडे, शिवणकाम चांभारांकडे आणि दोरखंडाचे काम मांगांकडे असे. स्थानपरत्वे यात फरक पडत. एका वस्तूमागे अशा अनेक जातींचे श्रम असत आणि अस्पृश्यतेचा डाग कमी-अधिक प्रमाणात त्या सर्वांवर होता.

या कामातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मोट. विहिरीचे पाणी उपसणाऱ्या या चामडी साधनाचे वरचे तोंड रुंद असून खाली सोंड असे. जाड नाड्याने मोट ओढली जाई आणि बारीक सोंदुराने सोंड सांभाळली जाई. मोटेचा टाका सुटला की पाणी वाया जाई आणि बैलांचे श्रमही वाया जात. याशिवाय पायताण, वाद्या, आसूड, बैलांच्या गळ्यातील घुंगरांचे पट्टे आणि पाण्याच्या पखाली या वस्तू शेती व प्रवासाच्या नित्याच्या गरजा होत्या. आजच्या भाषेत ही सर्व ‘रानात वापरण्याची साधने’च होत. विसंगती अशी की, चांभाराने शिवलेल्या मोटेचे पाणी साऱ्या गावाच्या पिकाला चाले. शिवणाऱ्याचा स्पर्श मात्र चालत नसे.

म्यान आणि खोगीर :
लष्करी चर्मकामाची परंपरा वेगळी होती. घोड्याचे जीन व खोगीर बनविणारा जिनगर समाज त्या नावानेच ओळखला जाई. तलवारीचे म्यान सामान्यतः लाकडी असे व त्यावर चामडे किंवा कापड चढविले जाई. काडतुसे ठेवण्यासाठी चामडी तोसदान असे. 1818 मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या आणि या वस्तूंची मागणी ओसरली. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हद्दीत शस्त्र बाळगण्यावर बंधने आली. लष्करी चर्मसामान कानपूरसारख्या ठिकाणच्या सरकारी कारखान्यांत तयार होऊ लागले. गावातील शेतीची चामडी साधने मात्र त्यानंतरही दीर्घकाळ टिकली.

कौशल्याचे स्वरूप :
बाभळीची साल, तरवड व हिरडा यांनी कमावलेले चामडे ओले केले असता हव्या त्या आकारात बसते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. म्यान किंवा खोळ करण्यासाठी हाच गुण आवश्यक असतो. क्रोम पद्धतीने कमावलेले मऊ चामडे या कामास तितके उपयोगी पडत नाही. हातशिलाईचेही तसेच आहे. आरीने पाडलेल्या एकाच छिद्रातून दोऱ्याची दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी ओढली, तर एक टाका तुटला तरी शेजारचे टाके टिकतात. यंत्राच्या शिलाईत ही खात्री कमी असते. जगभरातील हौशी कारागीर आज ज्या गोष्टी प्रयत्नपूर्वक शिकतात, त्यांपैकी वनस्पतिजन्य कमावणी, रापी-आरी आणि हातशिलाई या गोष्टी मराठवाड्यातील ढोर-चांभारांच्या घरांत पिढीजात होत्या.

छंदाचा उदय :
अमेरिकेत 1919 मध्ये टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे टँडी कुटुंबाच्या चर्मव्यवसायाचा आरंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात हस्तकलेला स्थान मिळाले, चर्मकामाचे तयार संच विकले जाऊ लागले आणि हा छंद वाढला. तेथेही घोड्याचे सामान शिवणारे कारागीर श्रमजीवीच होते. पण ते काम हाती घेणाऱ्या हौशी माणसाची सामाजिक पत त्यामुळे घसरत नव्हती. छंदासाठी फावला वेळ व पैसा लागतो, तसेच हात मळले तरी मान जाणार नाही याची हमीही लागते. बलुतेदारीत ही हमी नव्हती.

परंपरेचा त्याग आणि त्याचा अर्थ :
पत्र्याची मोट, नंतर तेलाची इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर चामडी मोट नाहीशी झाली. कारखान्यातील पादत्राणांनी गावच्या पायताणाची जागा घेतली. परंतु या ऱ्हासाचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 च्या महाड परिषदेपासून मृत जनावरांशी निगडित हीन कामे सोडण्याचे आवाहन केले. अनेकांनी ही कामे जाणीवपूर्वक सोडली. म्हणून ‘कला लोपली’ अशी नुसती खंत व्यक्त करणे इतिहासाला धरून होणार नाही. जे सुटले त्यात कौशल्य होते, तशीच सक्तीही होती.

राज्य शासनाने 1974 मध्ये चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन केले. पुढे ते संत रोहिदासांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. या यादीत बीड जिल्हा नाही. 2025 मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीच्या सादरीकरणात तशाच धाटणीच्या चपला दिसल्या आणि श्रेय कोणाचे हा वाद जगासमोर आला. ज्या वस्तूला नाव मिळाले तिच्यासाठी भांडता आले. मोट, पखाल आणि आसूड यांसाठी भांडणारे कोणी नाही.

निष्कर्ष :
1. चर्मकामाची प्रतिष्ठा कौशल्यावर ठरत नाही. ते कोणी व कोणत्या सामाजिक स्थितीत केले, यावर ती ठरते.
2. बलुतेदारीने चर्मकाम टिकविले, पण कारागिराला नाव, मोल व निवडीचे स्वातंत्र्य दिले नाही.
3. वडवणीसारख्या तालुक्यांतील वृद्ध कारागिरांकडे असलेली हत्यारांची नावे, कमावणीच्या रीती व शिलाईचे प्रकार यांची नोंद महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी तातडीने करणे आवश्यक आहे. ही नोंद कारागिरांच्या नावाने आणि त्यांच्या संमतीने व्हावी.
4. या परिसरातून दरवर्षी असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. कोयत्याच्या उघड्या पात्यासाठी साधे, स्वस्त चामडी म्यान करणे हा या ज्ञानाचा आजही उपयोगी पडणारा विनियोग ठरेल.

चर्मकाम पुन्हा कोणावर लादले जाऊ नये. मात्र ज्याला ते आवडेल, मग तो कोणत्याही जातीचा असो, त्याला ते मानाने करता यावे. छंद या शब्दाचा सामाजिक अर्थ तोच आहे.