कासारीण, बोहारीण आणि विक्रेती

झाशीच्या तटाला जे अनेक दरवाजे आहेत, त्यांपैकी ओरछा दरवाजा इतिहासात एका फितुरीसाठी गाजला. ३ एप्रिल १८५८ रोजी इंग्रज फौज शहरात शिरली, ती दूल्हाजू नावाच्या इसमाने हा दरवाजा उघडून दिल्यामुळे, अशी येथील परंपरागत कथा. आम्हां मुलांच्या लेखी मात्र हा दरवाजा निराळ्याच कारणाने महत्त्वाचा होता. सकाळी डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका या वाटेने शहरात येत आणि त्यांच्या आरोळ्यांवरून घरात वेळ कळे.

त्यांतली एक बांगड्या विकी. तिचे लोक तिला मनिहारिन म्हणत; आमची आई तिला कासारीण म्हणे. वास्तविक ती कासार जातीची नव्हती आणि मराठीचा एक शब्दही तिला येत नव्हता, पण "कासारीण आली ग!" अशी हाक ऐकली की ती ओसरीवर येऊन बसे. बांगड्या भरून झाल्या की आई तिला हळदकुंकू लावी. नारोशंकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली. त्यांनी परक्या माणसांना आपल्या शब्दांत सामावून घेतले, ते असे.

कासार म्हणजे मूळचा कांस्यकार, काशाचे काम करणारा. धातूच्या भांड्यांबरोबर त्याच्याकडे काचेच्या बांगड्या आल्या. पुढे बायकांच्या बोलण्यात भांडी मागे पडून बांगड्याच उरल्या. कासारीण म्हणजे कासाराची बायको की स्वतः बांगड्या विकणारी? माळीण, तेलीण, कोळीण या सर्वच शब्दांत ही संदिग्धता आहे. व्याकरणाने तिला नवऱ्याच्या धंद्याचे नाव दिले. टोपली मात्र तिच्याच डोक्यावर राहिली. मुंबईच्या बाजारात मासळीचा भाव कोळीणच ठरवी, हे ज्याने पाहिले आहे त्याला निराळे सांगावयास नको.

जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण हिच्याविषयी तर भाषेने थोडा अन्यायच केला. 'बोहारणीसारखी घासाघीस', 'कोळणीसारखे भांडण' असे आपण सहज बोलून जातो. हिंदीतही भाजी विकणाऱ्या कुँजड़िनीच्या वाट्याला भांडखोरपणाचीच ख्याती आली आहे. याहून बोचणारा शब्द 'बाजारबसवी'. अक्षरशः पाहिले तर बाजारात बसणारी एवढाच त्याचा अर्थ. वापरात ती शिवी आहे. घराबाहेर पैशाचा व्यवहार करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे समजण्यास हा एक शब्द पुरेसा आहे. आश्चर्य असे की दूध-दही विकावयास मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणीच्या नावाने आपल्याकडे एक काव्यप्रकारच रूढ झाला आणि संत एकनाथांनी तो भक्तीने समृद्ध केला. तिथे मात्र कोणाला बाजार खटकला नाही!

विसाव्या शतकात नवे शब्द आले. १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय चित्रपटतारका मानल्या जातात. आज आपण त्यांना 'ब्रँड अॅम्बॅसेडर' म्हटले असते. त्या काळी 'तारका' हा शब्द पुरला. दुकानांतून 'सेल्सगर्ल' आली; ती पन्नाशीची झाली तरी 'गर्ल'च राहिली! संस्कृतच्या नियमाने 'विक्रेत्री' व्हावयास हवे होते, पण ते जिभेला जड म्हणून 'विक्रेती' झाले, तेही छापील कागदापुरतेच.

मला सर्वांत आवडलेला शब्द कोणत्याही कोशकाराने घडविलेला नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. त्या लिज्जत पापडाच्या संस्थेत काम करणारी स्त्री ना मजूर म्हणविते, ना मालकीण. ती 'बहीण' म्हणविते, आणि संस्थेची भागीदारही असते. नवऱ्याच्या धंद्यावरून न पडलेले असे हे नाव.

२०१४ च्या कायद्याने रस्त्यावर विकणाऱ्यांना 'पथविक्रेता' हे नाव आणि काही हक्क दिले. नगरातील पथविक्रेता समितीवर विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात अशी तरतूद त्यात आहे. २०२० साली केंद्राने या लोकांसाठी प्रथम १० हजार रुपयांपर्यंत कर्जाची योजना काढली, तेव्हा ओरछा दरवाज्याजवळ भाजी विकणारी एक वृद्धा आपला कागद घेऊन माझ्याकडे आली. सरकारी भाषेत आयुष्य गेलेले असल्याने शेजारपाजारचे असे कागद माझ्याकडे येतातच. 'व्यवसाय' या शब्दापुढे मी 'विक्रेता' लिहिले व तिला वाचून दाखविले. ती म्हणाली, "बाबूजी, ये तो मरद का नाम है. मेरा लिखो." मग मी ते खोडून 'सब्ज़ीवाली' असे लिहिले आणि तिने खाली अंगठा उठविला.