टपाचे अस्तर आणि दाराचे रबर

बोरघाटाचा रस्ता 1830 साली, सर जॉन माल्कम मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना, चाकांच्या वाहनांस खुला झाला, आणि तेव्हापासून मावळात गाडीने येणाऱ्या प्रवाशास पावसाचा बंदोबस्त हा चाकांइतकाच महत्त्वाचा विषय होऊन बसला. लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच्यापुढे बग्गीच्या हुडाचा टिकाव तो किती लागणार?

मोटार अवतरली ती या बग्गीचाच वारसा घेऊन. आरंभीच्या मोटारी बहुधा उघड्याच असत. पुढे बंद मोटारी आल्या, तरी त्यांच्या छताचा मध्यभाग, तेवढ्या रुंदीचा अखंड पत्रा लाटण्याची सोय पोलादाच्या कारखान्यांत नसल्यामुळे, लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या जलरोधक कापडाचाच राहिला. ती अडचण दूर झाल्यावर जनरल मोटर्सने 1935 च्या मॉडेलांपासून सबंध पोलादी टप रूढ केला. या टपाने पाणी अडविले खरे. परंतु तो उन्हात तापू लागला, सरींखाली दणाणू लागला आणि गारठ्यात आतून घामेजू लागला. त्यामुळे घोडागाडीत जे केवळ वैभवाचे लक्षण होते, ते आतले अस्तर मोटारीत आवश्यक ठरले. कापडाला आडव्या नळ्या शिवायच्या, त्यांतून तारेच्या कमानी ओवायच्या आणि कडा ताणून डिंकवायच्या, अशी तंबूच्या जातीची ही विद्या आहे.

रबराची कुळी निराळी. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. गंधकासह तापवून त्यास स्थैर्य देण्याच्या कृतीचे अमेरिकन पेटंट चार्ल्स गुडइयर यांना 1844 साली मिळाले. दार आणि काच यांच्या फटी बुजविणारी बीडिंग त्याच कृतीचे अपत्य होय.

या दोन कुळांची सोयरीक जुळली ती काचेच्या चौकटीत. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यास बांधलेली फियाट असो, वा उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, जुनी गाडी पूर्वरूपास आणणारा मालक अस्तर आणि रबर ही दोन स्वतंत्र कामे समजतो, आणि माझ्या मते सारा घोटाळा येथेच होतो. अनेक जुन्या मोटारींत अस्तराची कड पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली दबलेली असते. म्हणून आधी पत्र्याचे काम, मग रंग, मग अस्तर आणि शेवटी काच, हाच दस्तूर पाळावा लागतो. काच बसविताना रबराच्या खाचेत सुतळी घालून, साबणाचे पाणी लावून, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून सुतळी ओढीत रबराची पाळी पत्र्याच्या कडेवर चढवायची. हे दृश्य मोठे सुंदर असते.

मावळापुरती आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अस्तराचा डिंक दोन्ही बाजूंस लावून, किंचित सुकल्यावर दाबावयाचा असतो; त्यातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचून जोड कच्चा राहतो. असे चिकटविलेले अस्तर पुढे लोंबते, आणि दोष मात्र बिचाऱ्या कापडाच्या माथी येतो.

तेव्हा लोणावळ्यात जुनी मोटार सांभाळणाऱ्यांस एवढीच विनंती, की हे काम दसऱ्यानंतर काढावे, होळीपूर्वी संपवावे, आणि नव्या अस्तराभोवती जुने तडकलेले रबर पुन्हा बसवू नये.